मेल्यावर सगळेच गोरे

नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत रुपरावांचं एका खोलीचं दुकान आहे आणि त्याच्याच मागे दोन खोल्यांचं घर. पाटीवर लिहिलंय, ‘फोटोवरून ऑइल पेंटिंग करून मिळेल’. खरं सांगायचं तर तिथं जिवंत माणसाचं चित्र सहसा होतच नाही. घरात कुणी गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगा नाहीतर जावई मोबाईलमधला फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, तेरवीच्या आत पाहिजे. आता मशीनवर अर्ध्या तासात छापून मिळतं. तरी कामठी, कन्हान, कुहीकडची जुनी घरं अजून हाताचंच मागतात. हाताच्या चित्रात माणूस राहतो म्हणतात. राहत असेल बाप्पा.

रुपराव चौसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षांत त्यांनी किती मेलेली माणसं रंगवली याची मोजदाद नाही, आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्याचा रंग एकच आहे. हसू नका, खरंच एकच. महिन्याच्या सुरुवातीला ते पांढरा, मातकट पिवळा आणि चिमूटभर लाल एकत्र घोटून लोणच्याच्या बरणीत भरत, साय धरू नये म्हणून वर पाणी ओतत, आणि महिनाभर त्यातूनच काढत. उन्हातान्हात करपलेला धानवाला असो, कोळशाच्या खाणीत उमर घालवलेला असो की बँकेतला साहेब, बरणीत ब्रश बुडला की सगळे एका घरचे. नाक वेगळं, मिशी वेगळी, कातडी तीच.

सुरुवातीला त्यांनी दोन-चार चित्रं खऱ्या रंगात काढली होती. लोकांनी परत आणली. “आमचा बाप इतका काळा होता का गा?” असं ज्यानं विचारलं तो स्वतः तव्याच्या बुडाच्या रंगाचा होता. तेव्हापासून रुपराव शहाणे झाले. गिऱ्हाईक म्हणतं थोडं उजळ, तर उजळ. मेलेला काही तक्रार घेऊन येत नाही. असं करता करता खरा रंग कसा घोटायचा हेच ते विसरून गेले, किंवा नीट कधी शिकलेच नव्हते म्हणा.

त्यांची बायको देवकी दोन वर्षांपासून आजारी होती. दोन्ही किडन्या बसल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, चार-चार तास. पाणी मोजून, डाळ मोजून, आणि संत्रं तर बंदच. मुलगा सौरव पुण्याला, फोन रोज करायचा, पण फोनवरून कुणाला ऑटोत बसवता येत नाही. रुपराव तिला न्यायचे, वॉर्डात तिच्या पलंगाशी स्टूलवर बसायचे, आणायचे. परत आल्यावर दोघंही असे गळून जात, की दिवा लावायचा कुणी यावर कुणी बोलत नसे. नवऱ्याला दुखत काही नव्हतं, पण थकवा त्याच्याही हाडात जाऊन बसला होता.

असाच एक शुक्रवार. देवकी दुकानातल्या दिवाणावर पडली होती आणि रुपराव कुहीकडचं एक चित्र संपवत होते. तिनं मान वळवून पाहिलं.

“हे आमच्या गावचे लहानू पाटील ना जी?”

“हाव.”

“हे तं माह्यापेक्षा काळे होते.”

“असतील.”

मग ती म्हणाली, “माहा फोटो तुमीच काढान ना?”

“कायले असं वंगाळ बोलून राहिली वं?”

“वंगाळ काय त्यात? दुसरं कोण काढते? पण त्या बरणीतला रंग मले नाही पायजे. मी गेल्यावर भिंतीवर दुसरीच बाई बसली, अन् पोट्ट्यानं तिले हार घातला, तं मी कुठं गेली मंग? माह्या रंगात काढा. अन् मी असतानाच काढा. मले पाहाचं आहे.”

रुपराव हबकलेच. कारण देवकीनं लग्न झाल्यापासून त्यांना एकदाही स्वतःचं चित्र काढू दिलं नव्हतं, आणि त्याचं कारण दोघांनाही पाठ होतं. शहाऐंशी साली ते सीताबर्डीच्या एका फोटो स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरायचे. देवकीचा लग्नासाठीचा फोटो तिथंच आला, आणि या बहाद्दरानं सवयीनं तिला दुधासारखी करून टाकली. मुलाकडचे कुहीला आले, पोरगी पाहिली, पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठले. देवकीचे वडील मारोतराव तावातावानं स्टुडिओत येऊन भांडले. मालकानं रुपरावांना माफी मागायला त्यांच्या घरी पाठवलं, आणि माफी मागायला गेलेला माणूस सहा महिन्यांनी जावई होऊन आला. गल्लीतले लोक ही गोष्ट हसत सांगतात. देवकी मात्र कधी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅनव्हास लावला. काळ्या माणसाचा रंग करायचा म्हणजे काय, बरणीतल्यात काळा टाकायचा. त्यांनी टाकला. रंग हिरवट पडला. लाल टाकला, तर विटेसारखा झाला. आणखी काळा, आणखी पांढरा, पुन्हा लाल. दुपारपर्यंत तलावाच्या तळाचा गाळ कॅनव्हासवर बसला होता. देवकी उठून आली, कमरेवर हात ठेवून पाहिलं.

“हा मेल्यावरचा दिसते,” ती म्हणाली. “मी अजून आहो.”

रुपरावांनी कापडानं पुसून टाकलं. आठ दिवसांत चारदा काढलं, चारदा पुसलं. चाळीस वर्षांचा पेंटर, आणि रोज समोर दिसणाऱ्या बायकोच्या गालाचा रंग जमेना! लाज कुणाला सांगायची? घरात पसरलेला टर्पेंटाइनचा वास तिला सहन होत नव्हता म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, आणि त्या झळांत हा बाबा गाळ कालवत बसलेला. शेवटी एका रविवारी ते धंतोलीला गेले.

तिथं दुसऱ्या माळ्यावर वैदेही नावाची एक तिशीतली मुलगी ऑइल पेंटिंगचा वर्ग घ्यायची. रिटायर झालेले साहेब, घरची कामं आटोपून आलेल्या बायका. रुपराव दोनदा जिना चढून दोनदा उतरले. तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा तिनं त्यांच्या नखांतला रंग पाहिला.

“काका, तुम्ही तर पेंटर आहात.”

“पेंटर आहो म्हणूनच आलो, मॅडम. मले रंग मिसळता येत नाही.”

वैदेही हसली नाही, हे रुपरावांना फार बरं वाटलं. तिनं फक्त त्यांनी सोबत आणलेल्या रंगांच्या डब्यातली काळ्या रंगाची ट्यूब उचलून आपल्या टेबलाच्या खणात टाकली. पांढरीही टाकली.

“या दोन्ही बंद. महिनाभर.”

“अन् माणूस कायचा काढू? हवेचा?”

“माणसात काळा रंग नसतो काका.”

“तुम्ही माह्या बायकोले पाह्यलं नाही,” रुपराव तडकून म्हणाले आणि लगेच जीभ चावली. वैदेहीनं तांबूस मातीचा एक रंग आणि एक गर्द निळा काढून पॅलेटवर घोटला. बघता बघता त्यातून एक गहिरा, ऊबदार, जवळजवळ काळा रंग तयार झाला. काळा नव्हे, पण काळ्याहून खोल. निळा कमी केला की तो तांब्याकडे झुकायचा, वाढवला की सांजेकडे. रुपराव तोंड उघडं टाकून पाहत राहिले. चौसष्टाव्या वर्षी माणसाला असं काही दिसावं, आणि तेही एका पोरीच्या हातून! आनंद झाला म्हणावा तर त्याहून जास्त राग आला, स्वतःचा.

तीन रविवार तिनं त्यांच्याकडून नुसते चौकोन रंगवून घेतले. तपकिरी रंगाचा एकच ठिपका पांढऱ्या कागदावर, लाल कागदावर, हिरव्या कागदावर. “कोणता गडद आहे काका?” “पांढऱ्यावरचा.” “तिन्ही एकाच रंगाचे आहेत.” रुपरावांनी कागद कापून ठिपके शेजारी शेजारी लावून पाहिले, तेव्हा कुठं पटलं. “रंगाला एकट्याला पाहू नका,” ती म्हणायची, “शेजार पाहा.” घरी येताना ऑटोत ते शेजाऱ्याच्या शर्टाकडे आणि शर्टाशेजारच्या मानेकडे टक लावून बघत. एकदा एका बाईनं चांगलंच झापलं त्यांना.

देवकीचे बरे दिवस दोनच. डायलिसिसच्या दिवशी काही नको, दुसऱ्या दिवशी अंग मोडलेलं, सोमवारी अंगात पाणी साठून धाप. गुरुवारी आणि रविवारी दुपारी मात्र ती अर्धा तास खुर्चीवर बसू शकायची. रुपरावांनी रंग कालवायच्या चाकूच्या टोकावर रंग घेतला, तिच्या गालाशी धरला, कमी-जास्त केला, पुन्हा धरला. हुबेहूब. अगदी कुठं गाल संपला आणि कुठं चाकू सुरू झाला ते कळू नये इतका. मोठ्या विश्वासानं तो कॅनव्हासवर लावला, आणि तिथं एक काळं भोक पडलं.

“जमलं का जी?”

“जमून राहिलं,” ते खोटं बोलले.

वैदेही म्हणाली, पांढऱ्या कॅनव्हासच्या शेजारी कोणताही रंग काळाच दिसणार. आधी सगळ्या कॅनव्हासवर मातकट रंगाचा पातळ हात द्या. दिला. भोक गेलं. पण चेहऱ्यावर राख आली. देवकी आजारानं थोडी राखट झाली होतीच. त्यामुळे राख तिची की आपल्या हाताची, हेच कळेना. तिचा मूळचा रंग आठवायला जावं तर आठवेना. इतकी वर्षं एका घरात, एका ताटाशी, आणि आठवेना. रात्री रुपराव कूस बदलत राहिले. तिचे पाय सुजायला लागले होते, डॉक्टर आता ‘बघू’ म्हणायचे. बघू म्हणजे काय, ते न कळायला रुपराव काही लहान नव्हते. वेळेत नाही जमलं तर? मग बरणी आहेच, असा विचार एकदा मनात आला आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

पुढच्या मंगळवारी वॉर्डात एसी जरा जास्तच होता. देवकी पांढऱ्या चादरीवर नेहमीच्या बदामी साडीत पडली होती आणि कुडकुडत होती. नर्सनं कपाटातून एक जुनी घोंगडी आणली, गर्द जांभळ्या रंगाची, आणि तिच्या गळ्यापर्यंत ओढली. रुपराव स्टुलावर पेंगत होते. त्यांनी डोळे उघडले तर समोर वेगळीच देवकी. गालावर तांबं उतरलेलं, कपाळावर खिडकीचा निळसर उजेड, हनुवटीखाली जांभळाची सावली. राख कुठंच नाही.

“अरे बाप्पा!” ते ओरडलेच. “साडी! साडीच आहे ती!”

नर्सनं दटावलं. शेजारच्या पेशंटचा नातेवाईक दचकून उठला. रुपरावांनी घोंगडी गळ्याखाली सरकवली, बदामी पदर दिसला, देवकी राखट झाली. घोंगडी वर ओढली, देवकी उजळली. उजळली म्हणजे गोरी नव्हे, तर दिवा लागल्यावर खोली दिसते तशी दिसू लागली. “काय लहान पोट्ट्यासारखं करून राहिले जी,” ती म्हणाली. तिला काय सांगावं, कसं सांगावं?

कारण बदामी साडी ही काही एका दिवसाची गोष्ट नव्हती. काळ्या अंगाला गडद रंग खुलत नाही, हे देवकीला आधी तिच्या आईनं सांगितलं, मग सासूनं. लग्नातला शालू तेवढा लाल, तोही एका दिवसापुरता. त्यानंतर फिक्कट गुलाबी, मोतिया, बदामी, फिक्कट आकाशी. आणि दर दिवाळीला इतवारीच्या बाजारातून त्या साड्या आणत कोण होतं? रंगाचं दुकान मांडून बसलेले हे रुपराव! आपल्या हातानं दरवर्षी तिच्या अंगावर राख पांघरत होते.

बुधवारी ते इतवारीत गेले आणि दहा दुकानं पालथी घालून तसाच रंग आणला, पिकल्या जांभळाचा, थोडा तांबड्याकडे झुकलेला. देवकीनं घडी उलगडली आणि पटकन परत घातली.

“डोकं फिरलं का तुमचं? या वयात हा रंग? लोक काय म्हणतीन? मले शोभत नाही जी.”

“लोकाइले नाही दाखवाची. चित्रापुरती घाल.”

“काळी घोंगडी दिसीन मी.”

“मी सांगतो म्हणून घाल वं. एकडाव.”

तिला उभं राहून साडी नेसवत नव्हती. त्यांनीच निऱ्या धरल्या, वाकड्यातिकड्या. गुरुवारी ती खुर्चीवर बसली, चेहरा असा पाडलेला की जणू कुणी शिक्षाच दिली. रुपरावांनी डोळे बारीक करून पाहिलं, आधी साडीचा रंग लावला, मग त्याच्या शेजारी गळ्याचा, मग गळ्याच्या शेजारी हनुवटीचा. एकाला धरून दुसरा येत गेला. नाकाच्या कडेला लाल होता, खरोखरचा लाल. डोळ्यांखाली निळा होता. हे सगळं या चेहऱ्यावर रोज होतं आणि आपण याला एका शब्दात काळं म्हणून मोकळे झालो, याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि हात मात्र थांबत नव्हता.

सहा बैठका लागल्या. एकदा ती खुर्चीतच झोपली. एकदा उलटी झाली आणि काम अर्ध्यात राहिलं. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर होती. “पदराखाली घेऊ का?” त्यांनी विचारलं. “राहू द्या,” ती म्हणाली, “माहाच हात आहे तो. त्यानंच तर दोन वर्षं जगवलं.” मग त्यांनी ती शीरही काढली, तिच्या रंगासकट.

रविवारी दुपारी, कूलरच्या घरघरीत, त्यांनी ब्रश खाली ठेवला. आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि त्यांच्यातही काही उरलं नव्हतं. देवकीला धरून कॅनव्हाससमोर आणलं, बसायला वेताचा मोडा पुढे सरकवला. तिनं चष्मा मागितला, पदरानं पुसला, लावला. मग बघत बसली. रुपरावांचा जीव टांगणीला. गिऱ्हाईक चित्र बघतं तेव्हा त्यांना कधी काही वाटायचं नाही, आज मात्र ते पुसलेला ब्रश पुन्हा पुन्हा पुसत होते.

“ही मीच ना जी?”

“तूच वं.”

“अशी दिसते मी?”

“अशीच दिसतं. पहिल्यापासून.”

तिनं चित्राच्या गालापाशी बोट नेलं. ओला रंग आहे म्हणून लावलं नाही. मान न वळवताच तिनं विचारलं, “मंग मले कधी सांगतलं काहून नाही?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कामाचा घाणा होता, घरात म्हातारी माणसं होती, आपल्याकडे बायकोला असं काही बोलायची रीत नाही. सगळं खोटं होतं, आणि देवकीसमोर आता खोटं बोलायला वेळ नव्हता.

“मलेच आत्ता दिसलं,” रुपराव म्हणाले.

देवकी रडायला लागली. आनंदानं नाही. आवाज न करता, खांदे हलवत, आतून तुटल्यासारखी रडत राहिली. रुपराव मोड्याशेजारी जमिनीवर बसले. जवळ घ्यावं तर हातभर रंग.

“त्या फोटोपासून अडतीस वर्षं मी आरशात नीट पाह्यलं नाही जी,” ती म्हणाली. “कुंकवापुरतं पाह्यचं, अन् बाजूले व्हायचं.”